ओले हातमोजे आणि रात्रीचा मुक्काम: मोटरसायकलवरच्या प्रवासांचे अनुभव

मोटरसायकलच्या प्रवासाबद्दल बोलताना जॅकेट कोणते घ्यावे आणि रात्री कुठे राहावे, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे विचारतो. मला मात्र ते एकच वाटू लागले आहेत, आणि त्याला कारण झाली जुलैमधली केळशीतली एक सकाळ.

आदल्या दिवशी मी पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन असा हरिहरेश्वरला पोचलो होतो. बागमांडल्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेसवी, बाणकोट, वेळास करत केळशी गाठली, तेव्हा दिवेलागण झाली होती. दिवसभर पाऊस होता. माझ्या जॅकेटला पाणी अडवणारे अस्तर आतल्या बाजूने आहे, त्यामुळे अंग कोरडे राहिले. पण बाहेरचे कापड आणि त्यातले आर्मरचे, म्हणजे कोपर-खांद्यांना मार लागू नये म्हणून बसवलेल्या जाड तुकड्यांचे, खिसे पाणी पीत राहिले आणि ते जॅकेट काढून दोरीवर टाकताना दोन्ही हात लावावे लागले. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या आईंनी पडवीत दोरी बांधून दिली, जॅकेट हाताने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, “ही ढोपरं-कोपरं आधी बाहेर काढ रे, नाहीतर हे चार दिवस वाळायचं नाही.” मी आर्मर काढून ओळीने ओटीवर मांडले. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि ते तासाभराने बदलले. हातमोजे मात्र विसरलो.

सकाळी ओल्या कातडी हातमोज्यात हात घातला तो गेला. पण चहासाठी काढताना बोटांबरोबर आतले अस्तर उलटे होऊन बाहेर आले आणि पुन्हा आत जाईना. पेन्सिलीच्या बोथट टोकाने ते एकेका बोटात ढकलण्यात अर्धा तास गेला आणि करंगळीचे अस्तर अखेर मुडपलेलेच राहिले. त्या दिवशी क्लच दाबताना प्रत्येक वेळी ती घडी टोचत होती. मुक्कामाला पोचलो की जेवणाआधी काय वाळत घालायचे हे ठरवावे लागते, आणि ते वाळेल अशी जागा आहे का हे खोली घेण्याआधी विचारावे लागते, एवढे त्या दिवशी मला कळले.

आपल्यापैकी अनेकांना असे काहीतरी घडले असेल. गियरमुळे, म्हणजे जॅकेट, हेल्मेट, बूट यांच्यामुळे, मुक्काम सुधारला किंवा बिघडला, अथवा मुक्कामामुळे गियर, असा एखादा अनुभव जरूर लिहावा. चांगल्या जागेचे गाव सांगावे. वाईट अनुभव आला असेल तर त्या जागेचे नाव लिहू नये, प्रसंग पुरेसा आहे.

कोल्हापूर, ३५० सीसी, सोळा वर्षांपासून

माझा अनुभव पडण्याचा आहे. आंबा घाट उतरत असताना साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर डिझेल सांडलेले होते, त्यावर पुढचे चाक सटकले. वेग तीसच्या आसपास असावा. मी उजव्या कुशीवर पडून काही फूट घसरत गेलो. जॅकेट चांगल्या कंपनीचे होते आणि कोपरात दुसऱ्या पातळीचे आर्मर होते, तरीही कोपर सोलले. घरी येऊन आरशासमोर जॅकेट घातले तेव्हा कारण कळले. हिवाळ्यात आत स्वेटर घालता यावा म्हणून मी एक माप मोठे घेतले होते, आणि हात हँडलवर नेल्यासारखा पुढे केला की आर्मर कोपरावरून सरकून बाहेरच्या बाजूला जात होते.

आर्मरवर जे युरोपीय मानकाचे चिन्ह असते त्यात कोपर, खांदे आणि गुडघे यांच्यासाठी पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटन आणि दुसऱ्या पातळीला सरासरी २० किलोन्यूटन एवढेच बल आरपार पोचलेले चालते. पाठीच्या आर्मरसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. आकडे वाचून आपण खूश होतो. पण ती चाचणी आर्मर जागेवर असताना घेतलेली असते. म्हणून दुकानात जॅकेट उभ्याने घालून पाहू नये. गाडीवर बसून हँडल धरावे, दंडावरचे पट्टे आवळावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी कोपराचे आर्मर पकडून फिरवून पाहायला सांगावे. ते फिरले तर जॅकेट परत द्यावे. आणि पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा घालून विकली जाणारी जॅकेटे पुष्कळ असतात. तो तुकडा म्हणजे आर्मर नव्हे, ते वेगळे विकत घ्यावे लागते.

मुक्कामाचे सांगायचे तर त्या दिवशी मला रत्नागिरी गाठायची होती. पडल्यावर उठून गाडी सुरू केली तेव्हा काहीच दुखत नव्हते, म्हणून पुढे जाणार होतो. टपरीवाल्या दादांनी चहा दिला आणि कप हातात धरता येत नाही हे त्यांच्याच आधी लक्षात आले. त्यांच्या सांगण्यावरून साखरप्यातच थांबलो आणि मनगट तपासून घेतले. रात्री मनगट सुजून दुप्पट झाले. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून परत आलो. हेल्मेटला वरून एक ओरखडा तेवढा होता, पण आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून आयएसआय चिन्ह असलेले ते हेल्मेट टाकून दिले. घरच्यांना तो पैशांचा अपव्यय वाटला.

नाशिक, २०० सीसी, एकटीने प्रवास करणारी

गियरचे वजन, वाळणे वगैरे सगळे मान्य आहे, पण एकट्या बाईसाठी खरा प्रश्न खोली मिळण्याचा असतो. एका तालुक्याच्या गावी मी फोनवर खोली ठरवून संध्याकाळी पोचले, तर काउंटरवरच्या माणसाने हेल्मेट काढल्यावर माझ्याकडे पाहिले आणि “सोबत कोण आहे?” असे विचारले. कोणी नाही म्हटल्यावर खोल्या भरल्या. एकट्या व्यक्तीला खोली न देण्याचा नियम पुष्कळ भक्तनिवासांतही असतो. त्यामागची भीती मला समजते, पण तो नियम निदान फोनवरच सांगावा, एवढी माझी तक्रार आहे. सात वाजता, अंधार पडत असताना काउंटरवर सांगू नये. त्या रात्री शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या काकूंनी त्यांच्या ओळखीच्या घरी माझी सोय केली आणि वर “जेवली आहेस का?” हेही विचारले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. फोनवर मी आधीच सांगते की मी एकटी आहे, मोटरसायकलवर आहे आणि पाचच्या आत पोचेन. गाडी आवारात घेता येईल का, आणि खोलीच्या दाराला आतून कडी आहे की नुसते बटणाचे कुलूप, हे दोन प्रश्न विचारते. उत्तर देणारा दुसऱ्या प्रश्नावर हसला तर तिथे जात नाही. पाचची मर्यादा महत्त्वाची आहे, कारण नकार मिळाला तर पुढचे गाव उजेडात गाठता येते.

गियरबद्दल कोल्हापूरकरांनी जे सांगितले त्यात एक भर घालते. बायकांच्या मापाची जॅकेटे आता मिळतात, पण पावसाळी पँट, त्याखाली गुडघ्याचे आर्मर आणि त्याखाली जीन्स असा थर घालून पेट्रोल पंपावरच्या शौचालयात जाणे म्हणजे पंधरा मिनिटांचे काम असते, आणि पावसाळी पँटचा पाय तिथल्या फरशीला लागतोच. मी आता बाजूला घोट्यापासून मांडीपर्यंत चेन असलेली पँट घेतली आहे. ती बूट न काढता निघते. या एका चेनमुळे मी दिवसभर पाणी पिऊ लागले. आधी पीत नव्हते, आणि दुपारनंतरची डोकेदुखी उन्हाने होते असे समजत होते.

ठाणे, ४११ सीसी

आमचा प्रसंग मनाली–लेह रस्त्यावरचा आहे. २०२० मध्ये खुल्या झालेल्या अटल बोगद्यामुळे, जो सुमारे नऊ किलोमीटरचा आहे, रोहतांगची खिंड वगळता येते आणि मनालीहून निघालेला माणूस पहिल्याच दिवशी फार पुढे जातो. आम्ही चौघे तसेच उत्साहाने जिस्पा मागे टाकून सरचूच्या तंबूंत राहिलो. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे आणि सरचू ४,३०० च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर विरळ हवेचा त्रास टाळायला झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा संकेत आम्हाला माहीत होता. दिवसा बरे वाटत होते म्हणून आम्ही तो गुंडाळून ठेवला. रात्री एकाला उलट्या सुरू झाल्या, डोके इतके दुखू लागले की त्याला आडवे होता येईना, आणि अंधारात मागे फिरणेही शक्य नव्हते. उजाडताच त्याला गाडीत बसवून खाली नेले. खाली उतरल्यावर तो दुपारपर्यंत जेवू लागला.

त्याच रात्री माझे बूट बाहेर राहिले. दुपारनंतर वरचे बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढते आणि आम्ही एक नाला साडेतीनला ओलांडला होता, त्यामुळे दोन्ही बुटांत पाणी गेले होते. सकाळी मोजे लाकडाच्या फळीसारखे ताठ झाले होते. कोरडे मोजे, त्यावर भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि त्यावर ओले बूट, असा मी लेहपर्यंत गेलो. दिसायला ते वाईट दिसते, पण पाय शाबूत राहिले. पुन्हा गेलो तेव्हा जिस्पाला दोन रात्री राहिलो, पहाटे निघालो, नाले सकाळीच ओलांडले आणि ५,३२८ मीटरची ‘तंगलंग ला’ ही खिंड पार करून थेट लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, झोपलो. दिवस फार लांबला, पण रात्र शांत गेली.

गुहागर, प्रवासी नव्हे, यजमान

आमच्या घरी चार खोल्या आहेत आणि पावसाळ्यात उतरणाऱ्यांत निम्मे मोटरसायकलवाले असतात, म्हणून दुसरी बाजू सांगतो. वेळास-केळशीच्या लोकांप्रमाणे आम्हीही दोरी बांधून देतो, मागच्या दारी गाडी धुवायला पाणी देतो. परंतु ओले जॅकेट गादीवर टाकू नये, ही विनंती आहे. कापसाची गादी श्रावणात वाळत नाही. चेनला तेल लावायचे असेल तर अंगणात एक फळकुट ठेवले आहे, त्यावर लावावे. सारवलेल्या अंगणातला तेलाचा डाग पुढच्या सारवणापर्यंत दिसतो.

दुसरे जेवणाचे. दाभोळ–धोपावे फेरीतून उतरल्यावर फोन करून “अर्ध्या तासात पोचतो, सहा जणांचे पापलेट करा” असे सांगणारे असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात ताजे पापलेट दिसले तर ते बर्फातले आहे असे समजावे. खाडीतले काही मिळाले तर आम्ही करतो, नाहीतर सुकट, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले. सकाळी अकरापर्यंत कळवले तर जेवण चांगले होते, एवढेच.

म्युनिक, मूळचे सांगलीचे

इथून आल्प्समध्ये जाताना इटलीतल्या दक्षिण टिरोल भागात मोटरसायकलवाल्यांसाठी म्हणून चालवलेली हॉटेले लागतात आणि त्यांत कपडे वाळवायची वेगळी खोली असते. श्टेल्व्हियो खिंडीच्या उत्तरेकडच्या बाजूला ४८ तीव्र वळणे आहेत, वर उंची २,७५७ मीटर, आणि जुलैतही वर गारा पडू शकतात. मला त्या मिळाल्या. खाली उतरल्यावर हॉटेलच्या बाईंनी खोलीची किल्ली देण्याआधी तळघराचे दार उघडले. आत उबदार हवा, भिंतीला बुटांसाठी उलटे खुंटे आणि हातमोज्यांसाठी बोटांच्या आकाराच्या सळ्या. केळशीच्या त्या करंगळीबद्दल वाचताना मला त्या सळ्या आठवल्या. आपल्याकडे न्हाणीघराच्या चुलीशेजारी चार खुंट्या ठोकल्या तर तेच काम होईल. मात्र आर्मर आणि हेल्मेट आचेपासून दूर ठेवावे.

सातारा, मागे बसणारी

आतापर्यंत सगळ्यांनी हँडल धरणाऱ्याचे लिहिले. आमच्या घरी दोन वर्षे अशी स्थिती होती की पुढे बसणाऱ्याच्या पाठीला दुसऱ्या पातळीचे आर्मर, पायांत घोट्यापर्यंतचे बूट, आणि मागे बसणारी पंजाबी ड्रेसवर विंडचीटर आणि सँडल घालून. ओढणी चेनमध्ये जाऊ नये म्हणून कमरेला बांधायची, ही माझी सुरक्षितता. मालवणच्या प्रवासात फोंडा घाटात पावसाने गाठले. यांना काही कळले नाही, कारण समोरच्या काचेचा आणि स्वतःच्या जॅकेटचा आडोसा होता, आणि यांच्या हेल्मेटवरून उडणारे पाणी माझ्या मानेवरून आत उतरत होते. मुक्कामी पोचल्यावर यांनी आधी गाडी धुतली. मी त्या रात्री काही बोलले नाही, पण परत आल्यावर सरळ दुकानात गेलो आणि माझ्या मापाचे जॅकेट, घोटा झाकणारे बूट आणि अंगावरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनकोट घेतला. आतल्या अस्तरापेक्षा बाहेरून घालायचा रेनकोट मला बरा वाटतो, कारण मुक्कामाला तो झटकून खुंटीला टांगला की काम संपते आणि जॅकेट कोरडेच असते.

गणपती झाल्यावर आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला निघणार आहोत. वाटेत साखळी किंवा डिचोलीच्या आसपास, जिथे गाडी आवारात घेता येईल आणि दोन रेनकोट टांगता येतील असे घर कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया इथेच कळवावे. गुहागरच्या दादांना सांगते, जेवणाचा निरोप आम्ही सकाळी अकराच्या आत देऊ.