‘इन्सिसिव्ह’ बुद्धी आणि विशद लेखन

पाटीपेन्सिल :
एका निवृत्त प्राध्यापकांच्या गौरवग्रंथासाठी मी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे. मूळ लेखकाने त्यांच्या बुद्धीला ‘इन्सिसिव्ह’ (विषयाला नेमका छेद देणारी) आणि लेखनाला ‘ल्युसिड’ (स्वच्छ, सहज कळणारे) म्हटले आहे. मी ‘कुशाग्र बुद्धी आणि विशद लेखन’ असे लिहिले, तर संपादकांनी दोन्ही शब्दांखाली लाल रेघ ओढून मजकूर परत पाठविला. कुशाग्र हे गुणवत्ता यादीतल्या मुलांचे विशेषण आहे आणि विशद म्हणजे सविस्तर, असे त्यांचे म्हणणे आहे. पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘विशद’चा मूळ अर्थ मात्र स्वच्छ, शुभ्र असाच आहे ना?

दौत-टाक :
मूळ अर्थ तोच आहे, तरीही संपादकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ‘पुढील विधान विशद करा’ या प्रश्नाचे उत्तर दोन स्वच्छ ओळींत लिहिणाऱ्याला किती गुण पडतात, हे उत्तरपत्रिका तपासण्यात उमेद गेलेली मी शिक्षिका चांगले जाणते. हा शब्द प्रश्नपत्रिकांनी फुगवला. ‘प्रांजळ’चेही तसेच झाले. संस्कृतात प्राञ्जल म्हणजे सरळ. मराठीत तो कबुलीला असा चिकटला की प्रांजळ लेखन म्हटले की लेखकाच्या हातून काहीतरी घडले असावे असे वाटते. ‘स्पष्ट’ तेवढा शाबूत आहे. त्याचा धातू ‘स्पश्’, म्हणजे पाहणे, आणि संस्कृतात हेराला ‘स्पश’ म्हणतात तेही त्यावरूनच. पण ‘स्पष्ट बोलू का?’ असे कोणी विचारले की ऐकणारा आधीच सावरून बसतो, हेही खरे.

उंबरठा :
‘कुशाग्र’बद्दल माझा आक्षेप निराळा आहे. दर्भाचे टोक टोचते, कापीत नाही, आणि ‘इन्सिसिव्ह’मध्ये कापणे आहे. ज्यांना इंग्रजीत ‘इन्सायझर’ म्हणतात त्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो, हे येथे आठवावे. माझे वडील सुतारकाम करीत. पटाशी बोथट असली की लाकूड कापले न जाता चेंगरते आणि खाचेची कड फुटते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ते ती दगडावर घासत बसत, आणि आम्ही मुले घाई करू लागलो तर हातातले काम आमच्याच पुढे सरकवीत. जेवढे काढायचे तेवढेच काढणे आणि शेजारच्या लाकडाला धक्का न लावणे, हा गुण सांगणारे विशेषण मला तरी मराठीत सापडलेले नाही. ‘धारदार’ म्हणावे तर कोणाला तरी जखम झालीच पाहिजे, असा आपला समज झाला आहे.

सह्यकडा :
‘तल्लख’ का नको? तल्लख बुद्धी हा रूढ प्रयोग आहे आणि त्याने जखमही होत नाही.

शुद्धमती :
तो फारशी ‘तल्ख’वरून आलेला शब्द आहे आणि ‘तल्ख’ म्हणजे कडू. गौरवग्रंथात प्राध्यापकांची बुद्धी कडू होती, असे छापायचे आहे काय? त्यापेक्षा ‘तीक्ष्ण’ लिहावे.

सह्यकडा :
‘तीक्ष्ण’चाच वंशज ‘तिखट’ आहे. तुमची बुद्धी तिखट चालते आणि आमची कडू चालत नाही, हा न्याय मला कळला नाही. मुळाचाच आग्रह असेल तर ‘मुद्दा’ हा शब्दही अरबीतून आला आहे, त्याला सोडून वाद घालून दाखवावा. कवी माधव जूलियन यांनीही १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध केला.

शुद्धमती :
आणि १९३८ साली त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

दौत-टाक :
त्यांचा आधार दोघांनाही घेता येतो, म्हणून त्यांना मध्ये आणून हे भांडण मिटणार नाही. मला वाटते, स्वच्छ बोलण्याला धारेची उपमा दिलीच पाहिजे असे नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात बोलण्याचे वर्णन ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ’ असे आहे. खरे आणि मोजके, पण मवाळ. आपण मात्र सडेतोड आणि परखड यांनाच स्पष्टपणाचे पुरावे समजू लागलो आहोत. सडेतोड बोलणारा मनुष्य संदिग्ध बोलूच शकत नाही, असे थोडेच आहे?

उंबरठा :
धार आणि उजेड या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात होत्या, तो म्हणजे ‘पाजळणे’. दिवा पाजळतात आणि शस्त्रही पाजळतात. पण बुद्धीपुरता तो आता ‘अक्कल पाजळणे’ एवढाच उरला आहे, तोही टोमण्यात. ‘पाजळलेली बुद्धी’ असे गौरवग्रंथात लिहिले तर प्राध्यापक अब्रूनुकसानीचा दावा लावतील.

पाटीपेन्सिल :
सर्वांचा आभारी आहे, पण मजकूर सोमवारी द्यावयाचा आहे. ‘नेमकी बुद्धी आणि स्वच्छ लेखन’ एवढेच लिहिले तर चालेल का? ‘नेमका’मध्ये नेम आहे, त्यामुळे तीक्ष्णपणाची थोडी छटा येईल असे वाटते.

शुद्धमती :
उंबरठा यांनी दोन शब्दांची गल्लत केली आहे. दिवा पाजळतात तो ‘प्रज्वल’वरून आणि हत्यार पाजवतात ते पाणी पाजण्यावरून. धारेच्या अर्थाचे ‘पाजळणे’ हे मुळात ‘पाजवणे’च असले पाहिजे.

उंबरठा :
हत्याराला पाणी देतात ते तापवून, आणि पाजवतात ते दगडावर थंडपणे घासून. दोन्ही कामे माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहेत, त्यामुळे ही व्युत्पत्ती मी मान्य करणार नाही. आपल्याकडे विळा ‘पाजळून आण’ म्हणतात की ‘पाजवून आण’, हे येथील मंडळींनी आपापल्या गावानुसार कृपया सांगावे.

सह्यकडा :
आमच्याकडे नुसते ‘धार लावून आण’ म्हणतात.