अनुभव धागा: खोक्यातून येणारं फर्निचर नागपुरात टिकवायचं कसं?

भाड्याच्या घरात आता जोडायची कपाटंच जास्त दिसतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, घरात कूलर, पाठोपाठ पावसाळा. यात पार्टिकल बोर्ड (लाकडाचे कण राळेने चिकटवून दाबलेली फळी) कसा तग धरतो? ज्यांचा हात यात बसला आहे त्यांनी नेमकं लिहा.

रंधा: बोर्डाचा खरा शत्रू ऊन नाही, ओल आहे. वरून लॅमिनेट असतं, पण खालची आणि मागची कड बहुतेक कच्चीच सोडलेली असते. कूलरची दमट हवा तिथूनच शिरते. लाकडाचे कण फुगले की राळेची पकड सुटते, मग बोर्ड वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर येत नाही. म्हणून जोडण्याआधी कच्च्या कडांना आणि बिजागरीच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. कूलरचा झोत कपाटावर नको, पाय प्लास्टिकचे लावा, आणि फरशी पुसताना पाणी तळाशी साचू देऊ नका.

लकडगंजकर: रंधाभाऊ, पाठीचा पत्राही, म्हणजे कपाटाच्या मागची पातळ फळी, सांगायला हवा होता. तो ३ मिमीचाच असतो, पण कपाट काटकोनात तोच धरतो. ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीहून जास्त असेल तर सांगाडा दाबून सरळ करा, मगच दर १०-१२ सेंमीवर खिळा. दारं घासतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. लोक उगाच बिजागऱ्या पिळत बसतात.

पेचकस: मिनिफिक्स (फळ्या जोडायचा फिरवून आवळायचा पेच) हातानेच आवळा, ड्रिल मशीनने बोर्ड आतून भुगा होतो. स्क्रूचं भोक ढिलं झालंच तर ते ८ मिमीचं करा, फेव्हिकॉल लावून ८ मिमीचा लाकडी डॉवेल (गोल खुंटी) ठोका, २४ तास वाळू द्या, कापून सपाट करा. मग २.५ मिमीचं भोक पाडून ३.५ × १६ मिमीचा स्क्रू लावा. हा जोड मूळ बोर्डापेक्षा चांगला धरतो. बदलीची नोकरी असेल तर सांध्यांत मात्र गोंद घालू नका, कपाट पुन्हा उघडता येत नाही.

रंधा: पत्र्याचं बरोबर आहे, भाऊ.

सीताबर्डी: पुस्तकांच्या १८ मिमीच्या फळीला ७५ सेंमीहून जास्त मोकळा गाळा नको, मध्ये टेकू द्या.

रंधा: सिंकखालच्या कपाटाला मात्र पार्टिकल बोर्ड नकोच. तिथे आयएस ७१० चा (मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला प्लायवूड लकडगंजच्या लाकूडबाजारातून कापून आणा, कडा तिथेही सील करा.

लकडगंजकर: कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी मागे चढताना टॉर्चने दिसते.