सामरीची पेटी आणि राईतली वाट: जंगलातल्या राक्षसाचा सिनेमा बघून तुम्ही कधी घाबरलात का?

सड्यावरची

काल गावी बाबांची लोखंडी पेटी उघडली. ते जाऊन आठ महिने झाले. आईचा हात होत नव्हता, म्हणून मीच बसले. कडी काढताना मात्र हात थबकला. नऊ वर्षांची असताना माझी पक्की खात्री होती की या पेटीत सामरीचं, म्हणजे 'पुराना मंदिर' सिनेमातल्या राक्षसाचं, मुंडकं आहे.

'पुराना मंदिर' १९८४ चा, आमच्याकडे तंबूत लागला तो ८६ च्या उन्हाळ्यात. नावात मंदिर आहे म्हणून आजी देवाचा पिक्चर समजून नऊवारी नेसून तयार! बाबांना माहीत होतं की नाही, ते आजतागायत कळलं नाही. आम्ही चौघं गेलो. खाली वाळू, मधोमध दोरी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. राजा सामरीचं मुंडकं उडवतो, धड देवळामागे पुरतो आणि मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवतो, तेव्हा आजीने रामरक्षा सुरू केली. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनीही तिच्यासोबत धरली. मी दोरीखालून सरपटत बाबांकडे गेले.

खरी भीती पुढेच होती. घरी यायला पाऊण तासाची वाट आणि मध्ये राई. बाबांकडे तीन सेलची स्टीलची बॅटरी. राईत शिरलो आणि डाव्या हाताला काहीतरी भुंकलं. कुत्र्यासारखं, पण कुत्रं नव्हे. एकदा, मग थांबून पुन्हा. बाबा म्हणाले, "भेकर आहे, भुंकणारं हरीण. वाघराचा वास आला असेल त्याला." म्हणजे मला धीर द्यायला त्यांनी सामरीच्या जागी बिबट्या दिला! पण माझं मनगट घट्ट धरलं होतं. बोट नाही, मनगट. घर येईपर्यंत सोडलं नाही.

पेटीत काय होतं? शेतसाऱ्याच्या पावत्या, आम्हा दोघा भावंडांची सगळी प्रगतिपुस्तकं आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तीच बॅटरी.

तुमचेही असे अनुभव असतील तर लिहा ना. 'पुराना मंदिर' काढणाऱ्या रामसे बंधूंचेच सिनेमे हवेत असं नाही. छोटं गाव, रान आणि त्यात दबा धरून बसलेलं काहीतरी, असा कुठलाही सिनेमा चालेल.

माऊची_आई

मनगटापाशी डोळे भरून आले गं. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

गल्लीतला_गणपती

आमच्याकडे गणपतीत मंडळाचा पडदा. रस्त्याच्या मधोमध दोन बांबू आणि पांढरं कापड. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो, सगळं उलटं दिसायचं. त्यामुळे माझ्या आठवणीतला सामरी डावखुरा आहे. सातव्या दिवशी हा लावला आणि आठव्या दिवशी आरतीला निम्मी मुलं गैरहजर, आयांनी पाठवलीच नाहीत. मग अध्यक्षांनी दहाव्या दिवशी 'अष्टविनायक' लावून सगळ्यांना परत आणलं.

फणसाडकर

सड्यावरची ताई, रामसे मंडळींनी आमच्या मुरुडला नवाबाच्या राजवाड्यात शूटिंग केलंय, माहितीये ना? टेकाडावरचा तो राजवाडा आम्ही शाळेत जाता-येता रोज बघायचो. कधी भीती वाटली नाही. पडद्यावर बघितला आणि मग मात्र संध्याकाळी त्या रस्त्याने सायकल घालायची हिंमत होईना. आपल्याच गावातली रोजची इमारत अशी परकी होते, हे फार विचित्र वाटतं. कामानिमित्त पनवेलला असतो आता. सुट्टीला गेलो की मान वर करून एकदा बघतोच.

आणि भेकराबद्दल बाबा अगदी बरोबर बोलले. आमच्या फणसाड अभयारण्यातही भेकरं आहेत. बिबट्याची चाहूल लागली की ते असंच थांबून थांबून भुंकतं. वनखात्याची माणसं त्या आवाजावरूनच अंदाज बांधतात.

चिंचपोकळी७७

+१ भेकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझीही बोबडी वळली होती.

मुरुडला राहायला चांगली जागा सांगा ना कोणी, दिवाळीनंतर जायचंय, सासूबाई सोबत आहेत, जिने नकोत.

फणसाडकर

व्यक्तिगत निरोप करतो.

शालूवाली

माझी आठवण 'जानी दुश्मन'ची, १९७९ चा. लाल जोड्यातली नवरी डोलीतून निघाली की तो केसाळ राक्षस तिला उचलून नेतो. माझ्या आत्याचं लग्न त्याच्या पुढच्याच वर्षी. बस्त्याला गेल्यावर आत्या अडूनच बसली, लाल शालू नको म्हणजे नको. दुकानदार हैराण. शेवटी आजी म्हणाली, "अगं, तो तिकडचा राक्षस. आपली नवरी पिवळी अष्टपुत्री नेसून बोहल्यावर उभी राहते, तो ओळखणारसुद्धा नाही." आत्या हसली आणि बस्ता पार पडला. शालू मात्र हिरवाच घेतला.

पण वरातीत बँडवाल्याने 'चलो रे डोली उठाओ कहार' सुरू केलं आणि आत्याने काकांचा हात असा काही आवळला म्हणतात! काका अजून तो किस्सा सांगतात.

गल्लीतला_गणपती

त्यात राक्षस कोण निघतो ते आठवतंय का कोणाला? मी शेवट बघितलाच नाही, लाईट गेले होते.

शालूवाली

संजीव कुमार.

गल्लीतला_गणपती

काय सांगता!! चाळीस वर्षं मी उगाच दुसऱ्यावर संशय घेत होतो.

रात्रपाळी

थोडं वेगळं लिहितोय. ड्यूटीवर आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले सिव्हिल इंजिनिअर, रुरकीचे. उंची प्रचंड आणि चेहऱ्याची ठेवण अशी की मेकअपला फार काही करावं लागलं नाही, असं सगळे म्हणतात. ग्रंथीच्या आजारामुळे त्यांचा चेहरा तसा झाला होता, हे मी फार उशिरा वाचलं.

माझ्या मोठ्या मामाला तोच आजार होता. तिशीनंतर हनुवटी आणि कपाळ पुढे येत गेलं, हाताचे पंजे वाढले, चपलेचा नंबर बदलत राहिला. लग्नातली अंगठी कापून काढावी लागली. मेंदूच्या तळाशी एक बारीकशी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ आली की असं होतं, हे आम्हाला कळायला अकरा वर्षं गेली. तोवर गावातली पोरं त्याला सामरी म्हणायची. पिक्चर आला त्या वर्षी तर मागे धावायची. मामा शिंपी होता. कामाच्या वेळी मान खाली असायची, तशी तो बाजारातही खालीच ठेवायला लागला.

मी पण एकदा हाक मारलीय. दहा वर्षांचा होतो, मित्रांसोबत होतो. त्याने वळून बघितलं, मला ओळखलं आणि काही न बोलता पुढे गेला. पुढच्या दिवाळीला माझा शर्ट नेहमीसारखाच शिवून आला, खिशावर माझ्या नावाचं अक्षर काढलेलं.

ऑपरेशन झालं पुढे, त्यानंतर बरीच वर्षं जगला. तो पिक्चर टीव्हीवर लागला की मी चॅनल बदलतो. पिक्चरचा राग नाही. माझंच मला बघवत नाही.

सड्यावरची

रात्रपाळी दादा, काय लिहू तेच सुचत नाहीये. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

माऊची_आई

शर्ट शिवून आला हे वाचलं आणि पोळी करपली. मामांना नमस्कार.

ज्यांच्या अंगठ्या, चपला अशा घट्ट होत जातात त्यांनी खरंच डॉक्टरांना दाखवा. माझ्या नणंदेच्या ऑफिसातल्या एकीला वेळेत कळलं, नुसत्या जुन्या आणि नव्या फोटोंवरून डॉक्टरांना शंका आली.

डॅलसची_वाट

आमच्या इथून साडेतीन-चार तासांवर, आर्कान्सॉमध्ये फाउक म्हणून छोटंसं गाव आहे. १९७१ मध्ये तिथल्या एका कुटुंबाने सांगितलं की रात्री घराशी केसाळ, उंच काहीतरी आलं होतं. शेजारच्या टेक्सरकानात राहणाऱ्या चार्ल्स पिअर्सने त्यावर १९७२ मध्ये 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक' काढला. विशेष म्हणजे, त्यात गावातल्या बऱ्याच लोकांनी स्वतःचीच कामं केली आहेत. म्हणजे ज्या माणसाने जे बघितलं म्हणून सांगितलं, तेच त्याने कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. राक्षस जवळून जवळजवळ दिसतच नाही. दलदल, झाडं, पाणी आणि आवाज.

मागच्या थँक्सगिव्हिंगला मुलांना घेऊन गेलो. हायवेला 'मॉन्स्टर मार्ट' नावाचं दुकान आहे, तिथे त्या राक्षसाच्या चेहऱ्यातून आपला चेहरा काढून फोटो काढता येतो. काउंटरवरच्या आजीबाईंना विचारलं, तुमचा विश्वास आहे का? त्यांनी हसून पैसे मोजले आणि म्हणाल्या, अंधार पडायच्या आत निघा. अगदी आमच्या वेंगुर्ल्याच्या आजीसारखं! तीही गावाचा राखणदार देवचार आहे की नाही यावर कधी वाद घालायची नाही. तिन्हीसांजेला त्या वाटेने जाऊ नका, एवढंच.

चिंचपोकळी७७

देवचार त्रास देत नाही पण. वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, काठीचा आवाज येतो फक्त.

डॅलसची_वाट

बरोबर, आणि दरवर्षी चामड्याच्या वहाणा द्यायच्या त्याला, जुन्या झिजलेल्या सापडतात म्हणे. आमच्याकडेही तेच. तुम्ही कुडाळ की सावंतवाडी?

चिंचपोकळी७७

माहेर बांद्याचं.

डॅलसची_वाट

अरे वा, माझी मावशी बांद्यालाच! बाजारात घर होतं.

पाईनवन

'भेडिया' (२०२२) कोणीच लिहिला नाही? झिरोला शूटिंग झालंय, अरुणाचलात. आम्ही त्याच्या आदल्या वर्षी गेलो होतो. भाताची खाचरं आणि त्यांना लागूनच काळंभोर रान. चारच्या सुमारास ऊन उतरायला लागतं, आपल्या सवयीने फिरत राहिलात तर अंधारात अडकता. तिथल्या आपातानी जमातीच्या घरमालकिणीने चुलीपाशी बसवून चहा दिला. मुलगा सिनेमा बघून म्हणाला, त्या काकूंकडे परत जाऊ, पण रात्री बाहेर नको.

नवखी_आई

माझा सात वर्षांचा मुलगा मोबाईलवर असलं काहीतरी बघून चार दिवस एकटा बाथरूमला जात नाहीये. काय करू? ओरडून झालं, समजावून झालं.

सड्यावरची

ओरडू नकोस गं. दाराशी उभी राहा आणि बोलत राहा, बाकी काही नको. मला बाबा पंधरा दिवस मागच्या पडवीपर्यंत सोबत करायचे, बाहेरून पाढे म्हणायचे आणि मी आतून उत्तर द्यायचं. एकोणतीसचा पाढा तिथेच पाठ झाला.

नवखी_आई

हे आज रात्रीच करते. थँक्यू ताई.

गल्लीतला_गणपती

ताई, ती बॅटरी लागली का?

सड्यावरची

नाही ना. आतले सेल फुटून पांढरं पीठ झालं होतं. काडीला फडकं गुंडाळून व्हिनेगरने पुसलं, स्प्रिंग पॉलिश पेपरने घासली. नवे सेल घातले तरी नाही. बल्ब गेलाय. तो छोटा, आट्यांचा, पिवळ्या उजेडाचा. आमच्या तालुक्याला सगळीकडे एलईडीच मिळतात.

रात्रपाळी

पुण्यात बोहरी आळीत बघतो, शनिवारी सुट्टी आहे. तीन सेल म्हणजे ३.८ व्होल्टचा लागतो बहुतेक. जुन्या बल्बच्या पितळी कॉलरवर कोरलेलं असतं, वाचून सांगा.

सड्यावरची

चष्मा आणते, थांबा.