स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत रिग्रेशन बसतच नाही. वेळ लावायचा कसा?

धरमपेठ_क्यूए
टीम नागपूरच्या आयटी पार्कमध्ये, क्लायंट न्यू जर्सीत. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा एक ठरलेला टप्पा), सहा डेव्हलपर, दोन टेस्टर. प्रॉडक्ट विम्याच्या क्लेमचं. कागदावर टेस्टिंगला चार दिवस असतात, पण शेवटचा बिल्ड (तपासायला दिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती) येतो गुरुवारी संध्याकाळी पाचला आणि शुक्रवारी रात्रीच्या डेमोआधी साइन-ऑफ (तपासणी झाल्याची मंजुरी) पाहिजे असते. रिग्रेशनच्या, म्हणजे नव्या बदलाने जुनं काही बिघडलं का ते पाहायच्या, 320 मॅन्युअल टेस्ट केस, एकेकीला सरासरी चार मिनिटं. त्यात दिवसभर 'हे जरा बघून दे ना' सुरूच. लीड म्हणतात, टाइम मॅनेजमेंट सुधारा. नेमकं काय सुधारायचं?

मिहान_टेस्टर
आधी गणित मांडा आणि ते लीडसमोर ठेवा. 320 गुणिले 4 म्हणजे 1280 मिनिटं, 21 तास 20 मिनिटं. दोघांत वाटलं तर प्रत्येकी 10 तास 40 मिनिटं. आठ तासांच्या दिवसातले कॉल, मेल आणि रिटेस्ट (दुरुस्त झालेले बग परत तपासणं) वजा केले की हातात पाच तास उरले तरी खूप. म्हणजे एकही बग सापडला नाही असं धरलं तरी दोन दिवसांवर काम जाते. गुरुवारी पाचच्या बिल्डवर हे होणार नाही. इथे शिस्त कमी पडून नाही राहिली, काम जास्त आहे.

दुसरं, वेळ जातो कुठे ते एक आठवडा लिहून काढा. कप्पे तीनच ठेवा: प्रत्यक्ष टेस्टिंग, बग शोधून नोंदवणं, आणि तयारी (डेटा, लॉगिन, एन्व्हायर्नमेंट, वाट पाहणं). ही विभागणी सेशन-बेस्ड टेस्टिंगमधली आहे, जेम्स आणि जोनाथन बाख या भावांनी 2000 साली मांडलेली. दहा-दहा टक्क्यांच्या अंदाजाने लिहिलं तरी पुरे. स्टॉपवॉच घेऊन बसाल तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल.

मग दिवसाला 90 मिनिटांची दोन सेशन बांधून घ्या. चॅट बंद, फोन उलटा. सुरू करण्याआधी एका ओळीचं चार्टर (या सेशनमध्ये नेमकं काय तपासायचं ते) लिहा, उदाहरणार्थ 'मुदत संपलेली पॉलिसी आणि मर्यादेपेक्षा मोठी पीडीएफ देऊन क्लेम अपलोड तपासणे'. 'क्लेम मॉड्यूल तपासणे' हे चार्टर नाही. त्यात काय राहिलं ते संध्याकाळी कोणालाच सांगता येत नाही. सेशन संपल्यावर पंधरा मिनिटं दुसऱ्या टेस्टरशी बोला: काय पाहिलं, काय सुटलं, कशाने अडलं.

बहुतेक टीममध्ये तयारीचा कप्पा फुगलेला निघतो. कारण ठरलेलं असतं, मंजूर, नामंजूर, अर्धवट अशा प्रत्येक अवस्थेतला क्लेम दरवेळी हाताने तयार करणं. प्रत्येक अवस्थेचा एकेक क्लेम असलेला डेटाबेसचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) काढून ठेवा आणि रोज सकाळी तो परत चढवायला लावा. मात्र डेव्हलपरने स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलला की तोच स्नॅपशॉट खोटे बग दाखवतो, म्हणून मायग्रेशन (तो बदल डेटाबेसवर चढवणं) झालं की तोही नव्याने काढायचा.

खामला_७७
वरचं पटलं. पण 320 च्या 320 केस शेवटच्या बिल्डवरच कशाला?

प्रत्येक केसला दोन आकडे द्या. बिघडली तर नुकसान किती, 1 ते 3. बिघडण्याची शक्यता किती, 1 ते 3. गुणाकार 9 किंवा 6 आला तर पहिली फळी. नुकसानाचा आकडा प्रॉडक्ट ओनरकडून घ्या, शक्यतेचा मात्र दर स्प्रिंटला बदला. या वेळी कोणत्या मॉड्यूलमध्ये कोड मर्ज झाला ती यादी डेव्हलपरकडून पाच मिनिटांत मिळते. हीच पायरी लोक गाळतात आणि वर्षभर जुनेच आकडे वापरत बसतात.

पहिली फळी 70 केसपर्यंत आणा. प्रत्येकी 2 तास 20 मिनिटं, गुरुवारी संध्याकाळीच उरकते आणि शुक्रवार रिटेस्टला मोकळा. उरलेल्या 250 केस दुसऱ्या आठवड्यात सोमवार ते बुधवार, ज्या मॉड्यूलला कोणी हात लावत नाही त्यांच्यापासून. जे राहील ते साइन-ऑफच्या मेलमध्ये 'न तपासलेले' म्हणून नावानिशी लिहा. त्या मेलमुळेच कोड फ्रीझ (त्यापुढे कोडमध्ये बदल बंद) बुधवारवर येतो, मीटिंगमध्ये हात जोडून येत नाही.

जुळण्यांच्या केसही कापता येतात. ब्राउझर 3, पॉलिसी 3, पेमेंट 3, युजर 3 म्हणजे 81 जुळण्या, पण कोणत्याही दोन घटकांच्या सगळ्या जोड्या 9 ओळींत बसतात. मायक्रोसॉफ्टचं पिक्ट नावाचं फुकट टूल ही यादी काढून देते. अशक्य जुळण्या त्याला अटी म्हणून आधीच सांगा. नाहीतर ती ओळ चालवता येत नाही आणि तिच्यातल्या बाकीच्या जोड्याही हुकतात.

रिंगरोड_डेव्ह
डेव्हलपरच्या बाजूने दोन गोष्टी.

एक बग पुन्हा घडवण्याच्या नादात टेस्टर अर्धा दिवस घालवतात. वीस मिनिटांची मर्यादा ठेवा. तेवढ्यात पायऱ्या पक्क्या झाल्या नाहीत तर 'कधीकधी होतो' असं लिहून बिल्ड नंबर, युजर आयडी, स्क्रीनशॉट आणि वेळ देऊन मोकळे व्हा. पैसे किंवा डेटा हरवत असेल तरच मर्यादा ओलांडा. आणि वेळ देताना टाइमझोन लिहा हो! सर्व्हरचे लॉग बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपण साडेपाच तास पुढे. संध्याकाळी 6:10 चा बग लॉगमध्ये 12:40 ला असतो. नुसतं '6:10' लिहिलं की आम्ही भलत्याच तासाचे लॉग चाळतो आणि 'होत नाही' म्हणून बग परत पाठवतो. मग तुमचा आणखी एक तास गेला.

'जरा बघून दे' साठी दोन वेळा जाहीर करा, दुपारी 12 आणि 4:30. ब्लॉकर (पुढचं काम अडवणारा बग) सोडून सगळं त्या वेळेला. चार दिवस कुरकुर होते, नंतर आम्ही आपोआप प्रश्न गोळा करून आणतो.

धरमपेठ_क्यूए
फळ्यांची गोष्ट पटली, या स्प्रिंटला लावून पाहतो. ऑटोमेशन कुठून सुरू करू? लीडना अख्खं रिग्रेशनच ऑटोमेट करून हवं आहे.

मिहान_टेस्टर
रिग्रेशनपासून नको, स्मोकपासून, म्हणजे बिल्ड मुळात चालतो का ते पाहायच्या मोजक्या तपासण्यांपासून. एक स्क्रिप्ट लिहून स्थिर व्हायला तीन तास धरा. चार मिनिटांची हाताची केस वाचवून ते तीन तास 45 वेळा चालल्यावर वसूल होतात. स्प्रिंटला एकदाच चालणारी केस असेल तर 45 स्प्रिंट, म्हणजे 90 आठवडे, आणि यात दुरुस्तीचा वेळ धरलेलाच नाही. तीच स्क्रिप्ट रोजच्या प्रत्येक बिल्डवर चालली तर दोन-अडीच महिन्यांत सुटते.

लॉगिन, क्लेम दाखल, अपलोड, मंजुरी, पेमेंटची नोंद अशा दहा-बारा तपासण्या घ्या. त्या फेल झाल्या की बिल्ड परत, टेस्टिंग सुरूच करायचं नाही. हा नियम लीडकडून लेखी घ्या, तोंडी नियम गुरुवारी संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

स्क्रिप्टमध्ये 'पाच सेकंद थांब' असं लिहू नका, बटण दिसेपर्यंत थांबायला सांगा. सर्व्हर हळू असला की पाच सेकंद पुरत नाहीत, जोरात असला की ते वाया जातात. कधी पास कधी फेल होणारी स्क्रिप्ट त्याच दिवशी स्मोकमधून बाजूला काढा, दुरुस्त झाली की परत घ्या. तिच्यापायी लोक खरे फेलसुद्धा 'परत चालव, होईल' म्हणून सोडून देतात.

लिहायला आठवड्यातली दोन सेशन राखून ठेवा, पहिल्या आठवड्यातली. दुसऱ्या आठवड्यात ती तुम्हाला कोणी देणार नाही.

खामला_७७
एक राहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे जाते. तिथले सकाळचे 10 आपल्याकडे संध्याकाळी 7:30 ऐवजी रात्री 8:30 होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत 7:30. साइन-ऑफची वेळ भारतीय घड्याळाने बांधून घ्या, नाहीतर हिवाळ्यात तो जास्तीचा तास 'शेवटचा एक छोटासा फिक्स' म्हणून डेव्हलपरच खाऊन टाकतात.

रिंगरोड_डेव्ह
हे मात्र खरं आहे भाऊ.