दडी आणि कल्टी एक नव्हे

गायब होण्यासाठीच्या मराठी शब्दांची यादी चाललीय, त्यात वर कुणीतरी 'दडी मारणे' आणि 'कल्टी मारणे' एकाच अर्थाचे म्हणून टाकलेत, ते काही पटलं नाही. कल्टी मारणारा निघून जातो. दडी मारणारा इथेच कुठेतरी असतो, फक्त दिसत नाही. म्हणून तर पाऊस दडी मारतो, कल्टी मारत नाही. उसने पैसे घेतलेला मित्र मारतो ती बुडी. फोन वाजत राहतो, उचलत कुणी नाही आणि दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवरचा फोटोही गायब!

'पोबारा' अजून कुणीच कसा काढला नाही? हा सोंगट्यांच्या पटावरचा शब्द. पौ म्हणजे एक, वर बारा, दान चांगलं. हिंदीत 'पौ बारह' म्हणजे चंगळ, आपल्याकडे मात्र पळ काढणं. सोंगटी झपकन पुढे सटकते म्हणून असेल, हा आपला माझा अंदाज.

बाकी 'भूमिगत'ला या टोळक्यात नका हो बसवू. १९४२ मध्ये स्वातंत्र्यसैनिक उषा मेहता आणि त्यांचे साथीदार मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवत होते. त्याला दडी कोण म्हणेल?

दांडीवर नंतर लिहितो, सध्या ऑफिसात आहे.