सिंगापूर युनिव्हर्सल: एकच दिवस आहे, रांगेत उभं राहून घालवायचा नाहीये

नाशिककर_अनघा
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला चाललोय. आम्ही दोघं, लेक ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासूबाई. युनिव्हर्सल स्टुडिओच्या थीम पार्कला एकच दिवस ठेवलाय. लेकीने यूट्यूबवर बघून बघून सगळ्या राइड्स पाठ केल्यात आणि तिला सगळंच करायचंय, मुलाला फक्त मिनियन्स, सासूबाई म्हणतात मी कुठेतरी सावलीत बसते तुम्ही या फिरून. टूरवाले म्हणतात ११ ला बसने सोडतो, ५ ला घ्यायला येतो, आणि वर "एक्सप्रेस पास घ्याच मॅडम" (म्हणजे जादा पैसे देऊन मोठी रांग टाळायचा पास). त्याचा भाव बघून पाच जणांचा हिशेब मांडला तर नवऱ्याने लॅपटॉपच बंद केला 😄 पास न घेता जमतं का? सुरुवात कुठून करायची? कोणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

बूनलेची_वहिनी
अनघा, मी इथेच राहते, घरी पाहुणे आले की हे सगळं ओघाने येतंच. पहिलं काम म्हणजे त्या ११ च्या बसला नाही म्हण. सकाळचे पहिले दीड-दोन तासच काय ते खरे, ११ ला पोचलात की सगळ्या टूरच्या बसेस, सगळं जग तुमच्याबरोबरच आत शिरतं आणि मग पास घ्यावासा वाटतोच. स्वतःच्या स्वतः जा, अजिबात अवघड नाही, एमआरटीने (इथली मेट्रो) हार्बरफ्रंटला उतरायचं, वर व्हिवोसिटी मॉल, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसाची मोनोरेल, पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड. पार्क उघडायच्या अर्धा तास आधी गेटवर हजर. बाहेर तो फिरणारा गोल आहे ना, तिथे सकाळी फोटोसाठी थांबू नका, तो काही पळून जात नाही, संध्याकाळी काढा.

तारखेचं बघ. इथल्या शाळांना मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते ती डिसेंबरअखेरपर्यंत, तेव्हा येऊच नये असं माझं मत. दिवाळीची मात्र एकच दिवस सार्वजनिक सुट्टी असते, तो दिवस आणि शनिवार-रविवार सोडून मंगळ-बुध-गुरु पकड. आणि एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत, सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत काही ठरावीक रात्री हॅलोविनचा भुताटकीचा कार्यक्रम असतो, त्याचं तिकीट वेगळं, आणि त्या दिवशी दिवसाचं पार्क लवकर बंद करतात. तिकीट काढायच्या आधी त्या तारखेची वेळ साइटवर बघूनच घे.

अजून एक, इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. इथे सकाळी साडेसातला पोरांना उठवायचं म्हणजे त्यांच्या अंगातले पहाटेचे पाच. रात्रीच्या विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी युनिव्हर्सल ठेवलंत तर मुलगा दुपारी बाबाच्या खांद्यावर झोपणार हे लिहून ठेव. तिसरा-चौथा दिवस बरा.

कोथरूडचा_गणपुले
वहिनींशी सहमत, फक्त आत गेल्यावर काय करायचं ते मी सांगतो, कारण लोक इथेच चुकतात. लोक प्रसिद्ध राइड आधी धरतात. अहो, राइड किती प्रसिद्ध आहे ते नका बघू, एका वेळी किती माणसं गिळते ते बघा. ट्रान्सफॉर्मर्सची रांग लांब दिसते पण गाड्या सतत सुटत असतात, रांग सरकत राहते, शिवाय तिथे सिंगल रायडरची वेगळी लाइन आहे (एकटा माणूस जिथे सीट रिकामी राहील तिथे बसवतात, बापलेक शेजारी बसणार नाहीत एवढंच). उलट ज्युरासिकच्या भागात कॅनपी फ्लायर म्हणून लटकता झोपाळा आहे, एका गाडीत फक्त चार जण, दोघं पुढे तोंड करून आणि दोघं मागे. दिसायला किरकोळ, पण रांग हलतच नाही. असल्या राइड्स सकाळी उरकायच्या.

पार्क म्हणजे मधे तळं आणि त्याच्याभोवती गोल रस्ता. आत शिरलं की डावीकडे मिनियन लँड (फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं, नवीन म्हणून गर्दी), उजवीकडे न्यूयॉर्क आणि पुढे साय-फाय सिटी हे भाग. बाबा आणि लेक सरळ उजवीकडे, ट्रान्सफॉर्मर्सकडे ढुंकूनही न बघता बॅटलस्टार गॅलॅक्टिका. दोन रुळांचं रोलर कोस्टर आहे, लाल बसून आणि निळं पाय लोंबकळत, दोन्हींच्या रांगा वेगळ्या. हे आधी का, तर ते उघड्यावर आहे, आणि सिंगापुरात दुपारी ढग आले, वीज कडकडली की बाहेरच्या राइड्स बंद ठेवतात, मग कितीही पैसे टाकलेत तरी पास घेऊन तुम्ही छपराखालीच. तिथून पुढे इजिप्तच्या भागात ममीची राइड, मग लगेच कॅनपी फ्लायर. एवढं झालं की दिवस जिंकलात, ट्रान्सफॉर्मर्स दुपारी सिंगल रायडरने करा, ते आतलंच आहे, पाऊस आला तरी फरक पडत नाही. ममीलाही सिंगल रायडर आहे.

आणि निघायच्या आधी दोन्ही मुलांची उंची भिंतीला टेकवून मोजा. बॅटलस्टारला १२५ सेंमी लागते, ममीला १२२, ज्युरासिकच्या पाण्याच्या राइडला १०७, ट्रान्सफॉर्मर्सला १०२, पुस इन बूट्सला १००, कॅनपी फ्लायरला ९२. रांगेच्या तोंडाशी पट्टी लावतात, तिथे रडारड नको.

आईबाबांसह_भटकंती
गणपुले साहेब, सगळं बरोबर पण तुमच्या प्लॅनमध्ये सासूबाई कुठे आहेत? 😀

अनघाताई, पाच जणांनी एकत्र फिरायचा हट्ट सोडा. सकाळी बाप-लेक उजवीकडे, तुम्ही, मुलगा आणि सासूबाई डावीकडे मिनियन लँडला, तिथून सरळ पुढे फार फार अवेच्या (श्रेकचा भाग) किल्ल्यात, म्हणजे दोन्ही पार्ट्या तळ्याला अर्धा-अर्धा वळसा घालून ज्युरासिकपाशी भेटतात. फोन चालू पाहिजेत, सिम आधी घ्या. मोठ्या राइडला चाइल्ड स्वॅप मागायचा, एक पालक बसून येईपर्यंत दुसरा मुलाला घेऊन थांबतो आणि मग पुन्हा पूर्ण रांग न लावता त्याचा नंबर.

पासबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पास माणशी असतो, पाच घ्यायलाच हवेत असं कोणी सांगितलं? सासूबाई आणि मुलगा बऱ्याच राइडवर बसणारच नाहीत, त्यांचा पास म्हणजे नुसती उधळपट्टी. जायची तारीख गर्दीचीच असेल तर फक्त लेक आणि बाबांचा घ्या, तोही साधा, प्रत्येक राइडला एकदा चालतो तो. अनलिमिटेड कशाला. मधल्या वारी सकाळी वेळेत पोचलात तर तोही नको.

सासूबाईंसाठी दुपारी वॉटरवर्ल्डचा शो ठेवा, वेळा सकाळीच ॲपवर बघायच्या, पुढच्या रांगा भिजतात म्हणून मागे बसवा. न्यूयॉर्कच्या भागात वादळाचा शो आहे, एसी हॉल, उन्हातून आल्यावर बरं वाटतं. बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, तेव्हा थेपले-चिवडा हॉटेलवरच राहू द्या, इजिप्तच्या भागात भारतीय जेवण मिळतं. जेवायला साडेअकरालाच बसा, एक वाजता तिथेही रांगच असते.

बूनलेची_वहिनी
+१ जेवणाच्या वेळेला. आणि पाण्याची राइड सगळ्यात शेवटी, त्यात बसलं की चिंब होतात, ओल्या जीन्सवर दिवसभर फिरायचं म्हणजे मांड्या सोलवटतात. एक सुका टीशर्ट आणि चपला जवळ ठेव.

नाशिककर_अनघा
बापरे, किती व्यवस्थित सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. टूरवाल्यांना आत्ताच फोन करून तेवढ्या दिवसाची बस नको म्हणून सांगितलं, कुरकुर केली पण ऐकलं. बुधवार धरतोय, पास सध्या नाही. उंची पण मोजली, लेक १३९ म्हणजे सगळंच मोकळं, मुलगा १०४. ट्रान्सफॉर्मर्स चालेल, पाण्याची राइड तीन सेंटिमीटरनी हुकली आणि नेमकी तीच त्याला आता हवीये 🤦‍♀️ ती चालू असताना त्याला कुठे अडकवू?

कोथरूडचा_गणपुले
तिथेच डायनासोरवर बसायचं छोटं फिरतं चक्र आहे, ते दाखवा. नाहीतर बाप-लेकीला गुपचूप पाठवा आणि तुम्ही आइस्क्रीमच्या बाजूला वळा.