मदत हवी आहे: रशियन लोककथा मराठीत कुठे मिळतील?
नमस्कार मंडळी, कॅथरीन आर्डेनची 'द बेअर अँड द नाइटिंगेल'पासूनची तिन्ही कादंबऱ्या वाचून काढल्या आणि अक्षरशः वेड लागलंय, चौदाव्या शतकातला रशिया, शेवटी मॉस्को आणि तातार (मंगोल) यांच्यातली १३८० ची कुलिकोवोची लढाई आणि या सगळ्यात घरातल्या भट्टीत राहणारा दोमोवोय, म्हणजे घराची राखण करणारा आत्मा! नवा पाद्री आल्यावर लोक घाबरून या दोमोवोयसाठी भाकरतुकडा ठेवायचं बंद करतात आणि तो झिजत जातो, ते फार लागलं मनाला. आता मूळ लोककथा वाचायच्यात, वासिलिसा नावाच्या मुलीची, मोरोज्को या थंडीच्या देवाची वगैरे. सोव्हिएत काळात मॉस्कोहून छापलेली मराठी पुस्तकं यायची ना, त्यात या आहेत का? जुन्या प्रती कुठे मिळतील? आणि त्या काळच्या मॉस्को-तातार इतिहासावर सोपं पुस्तकही सुचवा प्लीज, इंग्रजी असलं तरी चालेल.